साठाची ओवाळणी

भाषांतरकाराच्या आयुष्यात घडामोडी अशा फारशा घडत नाहीत. सकाळी टेबलावर इंग्रजी किंवा हिंदी मजकूर येऊन पडतो, संध्याकाळपर्यंत त्याचे मराठी करावयाचे, दुसऱ्या दिवशी मुद्रिते तपासावयाची, आणि महिन्याच्या अखेरीस अंक हातात आला की एखादी राहून गेलेली वेलांटी पाहून हळहळायचे. आज बालसंगोपन, उद्या ठिबक सिंचन, परवा दातांची निगा. विषय बदलतात, खुर्ची तीच राहते. दिल्लीत बसून इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकठिकाणच्या मराठी कुटुंबांसाठी लिहिताना आपले वाक्य नेमके कोणाच्या घरात जाऊन उभे राहते, हे कळण्याचा योग क्वचितच येतो. तो योग मला २०२२ साली आला, आणि तोही माझ्याच माहेरून.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात इंधनबचतीवरचा एक लेख माझ्याकडे भाषांतरासाठी आला होता. 'वाहनाची इंधन-कार्यक्षमता वाहनचालकाच्या सवयींवर अवलंबून असते' असे त्याचे पहिले वाक्य मी मोठ्या समाधानाने लिहिले. 'इंजिन निष्क्रिय अवस्थेत कार्यरत ठेवू नये' हे त्यानंतरचे. अंक प्रसिद्ध झाला आणि आठवड्याभरात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. निफाड तालुक्यात आमची थोडी शेती आहे. ती सांभाळून तो स्वतःची पिकअप गाडी चालवतो. गावातल्या शेतकऱ्यांचा माल रात्री भरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोचवायचा, हा त्याचा धंदा.

"तुझा लेख वाचला," तो म्हणाला. "मराठी चांगलं आहे. पण लिहिणाऱ्यानं कधी गाडी चालवलेली दिसत नाही."

मी जरा दुखावलेच. मूळ लेख माझा नाही, मी केवळ भाषांतर केले, असे सांगून पाहिले. त्यावर तो हसला. "अगं, इंधन-कार्यक्षमता म्हणजे अ‍ॅव्हरेज ना? मग अ‍ॅव्हरेज म्हण की! आणि पन्नास-पंचावन्नच्या वेगानं चालवा म्हणतेस, तर बाजार काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. लेखातही नव्हते.

दिवाळीला मी घरी गेले तेव्हा हा प्रश्न मनात होताच. दादाची गाडी कर्जाऊ घेतलेली. दर महिन्याच्या हप्त्याची तारीख आमच्या घरात एकादशी-चतुर्थीपेक्षा अधिक कसोशीने पाळली जाते. वहिनी हिशेब ठेवतात. एक जाड, पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यात डावीकडे भाडे आणि उजवीकडे खर्च. डिझेल, टोल, हमाली, चहापाणी, पंक्चर, हवा, सारे काही त्यांच्या वळणदार अक्षरात नोंदलेले. उजवीकडची पाने चाळताना माझ्या लक्षात आले की, बाकीचे सर्व आकडे एकत्र केले तरी डिझेलच्या आकड्याला पुरे पडत नाहीत. त्या वर्षी डिझेलचा भाव लिटरला नव्वद रुपयांहून थोडा अधिक होता. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरची फेरी, आणि वहिनींच्या हिशेबाने गाडीचे अ‍ॅव्हरेज अकराच्या आसपास. म्हणजे एका फेरीला छत्तीस लिटरहून अधिक डिझेल जळत होते.

"पूर्वी तेरा मिळायचं," वहिनी हळूच म्हणाल्या. "गाडी नवी होती तेव्हा नव्हे, हे सावकाश चालवायचे तेव्हा."

दादाने ऐकले असावे. पण तो काही बोलला नाही.

भाऊबिजेला मी त्याला ओवाळले. तो तबकात पाकीट टाकू लागला तेव्हा मी ताट मागे घेतले आणि म्हटले, "दादा, यंदा मला पैसे नकोत. उद्या रात्री तू वाशीला जाणार आहेस. मलाही मुंबईहूनच दिल्लीची गाडी पकडायची आहे. मला सोबत ने, आणि साऱ्या वाटेत साठाच्या वर काटा जाऊ देऊ नकोस. एवढीच ओवाळणी घाल."

आई हसली, पोरे हसली. दादा मात्र क्षणभर गंभीर झाला. ओवाळणीत मागितलेले नाकारता येत नाही. आणि बाजाराला उशीर झाला तर पासष्ट क्रेट टोमॅटोंचा भाव पडतो, त्यात गावच्या चार घरांचा माल. "उशीर झाला तर त्या चार घरांना उत्तर कोण देणार? तू देणार?" त्याने विचारले. मी "हो" म्हटले खरे, पण पोटात गोळा आला.

तेव्हा वहिनींनी मार्ग काढला. "नेहमी साडेनऊला निघता, उद्या नऊला निघा," त्या म्हणाल्या. "माल अर्धा तास आधी भरून देण्याचं मी बघते."

हे 'मी बघते' किती मोठे होते, ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. टोमॅटो तोडणे, प्रत निवडणे, क्रेट भरणे हे काम मुख्यतः बायकांचे. गाडी अर्धा तास आधी निघायची म्हणजे त्यांनी उन्हात अर्धा तास आधी वाफ्यात उतरायचे. आमच्या लेखातल्या 'सावकाश चालवा' या दोन शब्दांची किंमत अशी भलत्याच कोणाच्या तरी कपाळावर घाम होऊन उमटत होती, आणि लेखात त्याचा उल्लेखही नव्हता.

संध्याकाळी गाडी भरली. निघण्यापूर्वी मी लेखातली एक सूचना आठवून टायरमधील हवा तपासायला सांगितली. दादाने 'परवाच बघितली' असे म्हणत मागच्या चाकावर बूट आपटला. परंतु पंपावर मोजून पाहिली, तर मागची दोन्ही चाके पुष्कळच कमी भरली. हवा कमी असली की टायर रस्त्यावर अधिक दबतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याचे रबर अधिक मुडपते. त्या मुडपण्यात जी शक्ती खर्च होते, ती उष्णता होऊन वाया जाते. पुठ्ठ्यासारखा घट्ट टायर आणि कणकेसारखा सैल टायर यांत ओढायला सोपा कोणता, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बैलगाडीचे चाक चिखलात आणि डांबरी रस्त्यावर ओढताना बैलांना काय फरक पडतो, हे त्याने पाहिलेले असते. मग ताडपत्री घट्ट आवळली. सैल ताडपत्री वाऱ्यावर फडफडते. त्या फडफडण्यालाही डिझेल लागते.

बरोबर नऊला आम्ही निघालो. नाशिक मागे पडले आणि मुंबई-आग्रा महामार्गाचा रुंद, मोकळा पट्टा समोर आला. दादाचा उजवा पाय नकळत खाली जाई, काटा सत्तरीकडे झुके. मग त्याला ओवाळणी आठवे आणि तो पाय उचलून घेई. शेजारून भराभर गाड्या पुढे जात होत्या. आमच्याच तालुक्यातली, तसेच क्रेट भरलेली एक पिकअप भोंगा वाजवीत पुढे गेली. तिच्या चालकाने ओळखून हात केला आणि हसल्यासारखे काही केले. दादाचा चेहरा उतरला. पुरुषमाणसाला रस्त्यावर कोणी मागे टाकले की नेमके काय होते, हे मला त्या रात्री प्रथमच जवळून दिसले.

त्याचे मन वळवावे म्हणून मी त्याला खिडकीबाहेर हात काढायला सांगितले. लहानपणी आम्ही एस.टी.मध्ये हे करीत असू आणि कंडक्टरची बोलणी खात असू. रस्ता मोकळा पाहून त्याने क्षणभर तळवा वाऱ्याला आडवा धरला. "तुझ्या तळहाताला जे जाणवतंय ना, ते सगळ्या गाडीला जाणवतं," मी म्हटले. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र पुष्कळसे विसरले असले तरी एक गोष्ट या भाषांतराच्या निमित्ताने पक्की झाली होती: वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी साठाऐवजी ऐंशीने चालले तर वेग एकतृतीयांशानेच वाढतो. हवेचा विरोध मात्र पावणेदोन पटीहून किंचित अधिक होतो. सपाट, उभा चेहरा आणि मागे क्रेटांची उंच भिंत अशी पिकअप तर वाऱ्याच्या दृष्टीने चालते कपाटच. मोटारीसारखे तिला वाऱ्यातून घसरून जाता येत नाही. तिला वारा ढकलीत जावे लागते.

"आणि वेळ?" दादाने विचारले. तोच त्याचा खरा प्रश्न होता.

आम्ही तोंडी हिशेब केला. एकंदर वाटेतला घाट, गावे, टोलनाके आणि भिवंडीपुढची गर्दी वजा केली तर मनासारखे पळता येईल असा रस्ता फार तर सव्वाशे किलोमीटर. ताशी ऐंशीने त्याला एक तास चौतीस मिनिटे लागतील आणि साठाने दोन तास पाच मिनिटे. फरक एकतीस मिनिटांचा. तोही ऐंशीचा काटा अखंड टिकला तर. आणि रात्रीच्या महामार्गावर तो तसा टिकत नाही. पुढे कंटेनर येतो, ब्रेक लागतो, पुन्हा वेग घ्यावा लागतो. ऐंशीच्या वेगातली भरलेली पिकअप एकदा थांबवली की तिच्यात साठवलेली सारी शक्ती ब्रेकमध्ये तापून जाते. ती पुन्हा मिळवायला सुमारे सत्तर मिलिलिटर डिझेल जाळावे लागते. साठावरून थांबवली तर चाळीसच्या आतच भागते. "म्हणजे करकचून ब्रेक मारला की एक कटिंग चहाचा ग्लासभर डिझेल रस्त्यावर ओतलं म्हणायचं," दादा म्हणाला. माझ्या लेखात या मुद्द्याला 'गतिज ऊर्जेचा अपव्यय' असे म्हटले होते. मी मुकाट्याने दादाचे वाक्य मनात टिपून ठेवले.

घोटीजवळच्या टोलनाक्यावर आम्ही रांगेत उभे राहिलो, तेव्हा आमच्यापुढे दोनच गाड्या सोडून ती मघाची पिकअप उभी होती. दादाने ती पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि आपण होऊन इंजिन बंद केले.

इगतपुरी गेली आणि कसारा घाटाची उतरण सुरू झाली. येथे जे घडले ते सांगण्यासाठीच खरे म्हणजे हा लेख लिहीत आहे.

पहिले वळण संपताच दादाने गिअरचा दांडा सैल सोडला. इंजिनाचा घरघराट एकदम मंदावला आणि गाडी जणू कोणी मागून ढकलावी तशी आपोआप वाहू लागली. "हे बघ," तो अभिमानाने म्हणाला, "इथं मी डिझेल वाचवतो. घाटभर न्यूट्रल. थेंब लागत नाही."

मला गाडी चालवता येत नाही. पण भाषांतर करताना एक परिच्छेद मी चार वेळा वाचला होता, कारण तो मला खरा वाटत नव्हता. त्यात हेच म्हटले होते, आणि नेमके उलटे म्हटले होते. गाडी न्यूट्रलवर असली की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला स्वतःसाठी थोडे थोडे डिझेल पीत राहावेच लागते. उलट गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात. आणि आजच्या इंजिनांमध्ये अशा वेळी इंधनाचा पुरवठा आपोआप तोडला जातो. म्हणजे जो चालक न्यूट्रलवर उतरतो तो डिझेल जाळतो, आणि जो गिअरमध्ये उतरतो तो जाळीत नाही. शिवाय गिअरमधले इंजिन गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये ते काम एकट्या ब्रेकवर पडते.

मी हे सारे घाईघाईने सांगत होते, आणि इतक्यात मला तो वास आला. जळक्या रबराचा, तापलेल्या लोखंडाचा. तो ब्रेकचा वास होता.

दादाने काही न बोलता गाडी हळूहळू तिसऱ्या गिअरमध्ये घेतली. इंजिन मोठ्याने गुरगुरले आणि गाडी लगाम ओढल्यासारखी आवरली गेली. पुढच्या रुंद जागी त्याने ती कडेला उभी केली. दरीतून गार वारा येत होता. खाली दूरवर कसाऱ्याचे दिवे लुकलुकत होते. बराच वेळ तो सुकाणूवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "तुला एक सांगतो. घरी बोलू नकोस."

मागच्या उन्हाळ्यात, कांदा जरा जास्तच भरलेला असताना, याच घाटात त्याचे ब्रेक लागेनासे झाले होते. पायाखालची पट्टी कापसासारखी मऊ झाली, पार तळाला गेली, आणि गाडीने वेग घेतला. गिअर पडत नव्हता. कसाबसा पडला तेव्हा डाव्या हाताला डोंगराच्या कुशीत मुरमाचा ढीग दिसला. त्याच्यात त्याने गाडी घातली. बंपर वाकला, दिवा फुटला, एवढ्यावर निभावले. तीन तास तो त्या ढिगाशेजारी दगडावर बसून होता. बाजार हुकला. घरी त्याने सांगितले, पंक्चर झाले होते.

"आणि तरी न्यूट्रल?" माझ्या तोंडून निघून गेले.

"हप्ता," तो एवढेच म्हणाला.

मला वाटते, मनुष्य काटकसर करू लागला की पहिली काटकसर तो स्वतःच्या जिवात करतो. दादाला वाटत होते की आपण घरासाठी चार पैसे वाचवीत आहोत. आणि ते चार पैसेही वाचत नव्हते. मी नंतर कागद घेऊन मांडून पाहिले. भरलेल्या गाडीचे तीन टन वजन घाटात सुमारे तीनशे मीटर खाली येते, तेव्हा जी शक्ती मोकळी होते तिच्यावर पंचवीस लिटर थंड पाणी सहज उकळू शकेल. न्यूट्रलमध्ये एवढी सारी उष्णता त्या चार लहानशा ब्रेकना सोसावी लागते. त्यांनी मान टाकली तर त्यात नवल ते काय?

उरलेला घाट आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो. दादाचा पाय ब्रेकवर क्वचितच गेला. वास हळूहळू विरला.

पुढे भिवंडीनजीक गाड्यांची नेहमीची कोंडी लागली. तेथे बहुतेक सर्व वाहने जागच्या जागी धडधडत उभी होती. उभ्या गाडीचे चालू इंजिन तासाला अर्ध्या ते एक लिटरपर्यंत डिझेल पिते आणि एक पाऊलही पुढे नेत नाही. दादा इंजिन बंद करून बसला. रांग हलली की गाडी चालू करी आणि पुढच्या वाहनापाशी धावत जाऊन ब्रेक मारण्याऐवजी थोडे अंतर राखून सावकाश सरके. वाशीला आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. बाजार अजून भरायचा होता. मघाची ती दुसरी पिकअप आमच्या आधी दहा मिनिटे आली होती, आणि तिचा चालक चहाच्या टपरीवर उभा होता. दादाने त्याला चहा दिला. टोमॅटोला त्या दिवशीचा जो भाव होता तो मिळाला. माझा जीव भांड्यात पडला.

दिल्लीला पोचल्यावर मी फोन केला तो अ‍ॅव्हरेज विचारण्यासाठी. वहिनींनी उत्तर द्यायचे नाकारले. "एका फेरीवरून काही ठरत नसतं," त्या म्हणाल्या. "वारा असतो, वजन असतं, गर्दी असते. महिनाभर लिहू द्या." प्रत्येक फेरीनंतर टाकी गळ्यापर्यंत भरायची, किती लिटर मावले आणि किती किलोमीटर चालली ते लिहायचे, अशी त्यांची पद्धत. प्रयोगशाळेतही याहून निराळे काय करतात?

महिन्याने आकडा आला. चौदा फेऱ्या, सुमारे छप्पनशे किलोमीटर, अ‍ॅव्हरेज तेरा. पूर्वीच्या अकराच्या मानाने अठ्ठ्याहत्तर लिटर डिझेल कमी. रुपयांत सांगायचे तर सात हजारांच्या वर. हे सारे एकट्या वेगामुळे झाले असे मी म्हणणार नाही. त्यात टायरची हवा होती, आवळलेली ताडपत्री होती, परतीच्या वेळी रिकामे क्रेट उंच न रचता सखल बांधणे होते, क्लचवर विनाकारण विसावणारा पाय उचलणे होते, आणि घाटातला तिसरा गिअर होता. लिटरभर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कर्बवायू हवेत जातो. त्या हिशेबाने महिन्याला दोनशे किलोहून अधिक धूर आमच्या एका गाडीने कमी सोडला. दादाला मात्र या शेवटच्या आकड्यापेक्षा पहिला अधिक आवडला, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

हे शहाणपण नवे नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, भाव थोड्याच महिन्यांत जवळजवळ चौपट झाले, आणि १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेसारख्या मोटारवेड्या देशानेही साऱ्या राष्ट्रासाठी ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा घालणारा कायदा केला. तो १९९५ पर्यंत टिकला. आपल्याकडे १९७८ मध्ये पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ स्थापन झाला. सावकाश, एकसारख्या वेगाने गाडी हाका, हे तो तेव्हापासून सांगत आला आहे. आपण वापरतो त्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक परदेशांतून येते, हेही आता सर्वांना पाठ आहे. सांगणाऱ्यांनी सांगितले, छापणाऱ्यांनी छापले, माझ्यासारख्यांनी भाषांतरही केले. उणीव राहिली ती एवढीच, की सावकाश जाण्यासाठी लागणारा अर्धा तास कोठून आणायचा हे कोणी चालकाच्या घरी बसून ठरविले नाही. घाई रस्त्यावर दिसते, पण ती सुरू होते घरात, शेतात, उशिरा भरलेल्या क्रेटात.

आमच्या घरी तो अर्धा तास प्रथम वहिनींनी आपल्या अंगावर घेतला. हे न्याय्य नव्हे, असे मी दादाला फोनवर सांगितले. आता बाजारातून परतल्यावर दुपारची झोप थोडी आवरती घेऊन तो स्वतः क्रेट उतरवायला आणि प्रत निवडायला जातो. त्यामुळे बायकांना लवकर वाफ्यात उतरावे लागत नाही. डिझेलच्या बचतीतले दीड हजार वहिनी दर महिन्याला वेगळे ठेवतात, ब्रेकच्या लायनरसाठी. वहीत त्याला स्वतंत्र पान आहे.

पुढच्या दिवाळीला, २०२३ साली, मी गेले तेव्हा ती वही पुन्हा चाळत बसले होते. मागच्या पानांत, २०२२ च्या उन्हाळ्यातली एक नोंद दिसली: 'पंक्चर. तीन तास उशीर. बाजार हुकला.' मी झटकन पान उलटले. वहिनी शेजारी कणीक मळीत होत्या.

"उलटू नका," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या दिवशी पंक्चर काढल्याचे पैसे कुठं लिहिलेत, दाखवा बरं."

नव्हते लिहिलेले. बंपर आणि दिवा यांचा खर्च मात्र चार दिवसांनी, दुसऱ्याच कोणत्या तरी नावाखाली होता. त्यांना तेव्हापासून ठाऊक होते. त्यांनी विचारले नाही, कारण विचारले असते तर दादाला आणखी एक खोटे बोलावे लागले असते. महिनाभर टाकी भरून किलोमीटर लिहिणाऱ्या त्या बाईला अ‍ॅव्हरेजची चिंता किती होती आणि दुसऱ्या कशाची किती, हे मला त्या क्षणी उमगले.

त्या संध्याकाळी ओवाळताना दादाने न मागता सांगितले, "यंदाही साठच." मग वहिनींकडे पाहून तो थोडा अडखळला, आणि घाटातली ती हकीकत त्याने आपण होऊन सगळ्यांसमक्ष सांगितली. आईने डोळ्यांना पदर लावला. वहिनींनी जणू प्रथमच ऐकत आहेत असे ऐकून घेतले.

मी परत येऊन टेबलावर बसले आहे. इंधनबचतीवरचा नवा मजकूर समोर आहे. तो दरवर्षी येतोच. या खेपेस पहिल्या वाक्यात मी 'अ‍ॅव्हरेज' लिहिले आहे. वरिष्ठांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून प्रश्नचिन्ह केले आहे. मी ते तसेच ठेवणार आहे. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करू नये हे वाक्य, जे मूळ लेखात शेवटून दुसरे होते, ते मी सर्वांत वर आणले आहे. भाषांतरकाराने मुळाचा क्रम बदलू नये असा नियम आहे. पण वाचकहो, हे वाक्य कोणाच्या घरी जाऊन उभे राहते ते आता मला ठाऊक आहे.